युद्धकालीन वाहनांवरील खुणा : एक साधनविचार

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या तोफखाना रेजिमेंटचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम युद्धदैनंदिन्यांकडे वळतो, आणि ते योग्यच होय. परंतु वाहनांवर रंगविलेल्या खुणा हेही त्या इतिहासाचे एक साधन आहे. त्यांना केवळ शोभेचा भाग मानले जाते, आणि जुने वाहन नवे करून दाखविण्याच्या उत्साहात त्या कायमच्या नष्ट होतात.

या खुणांची रचना गुप्ततेच्या गरजेतून झाली होती. वाहनावर रेजिमेंटचे नाव लिहिले जात नसे. एक चिन्ह डिव्हिजनचे असे. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड सर्वपरिचित आहे. दुसरे चिन्ह सैन्यशाखेचे असे. तोफखान्याचा चौकोन वर तांबडा व खाली निळा असून त्यावर पांढरा अंक असे. ब्रिटिश पद्धतीच्या पायदळ डिव्हिजनमध्ये ४२, ४३ व ४४ हे अंक मैदानी तोफखान्याचे, ४६ रणगाडाविरोधी तोफखान्याचा आणि ४७ हलक्या विमानविरोधी तोफखान्याचा होता. हे अंक अनेक डिव्हिजनांत तेच असत. म्हणून केवळ अंकावरून रेजिमेंट ओळखता येत नाही. दोन्ही चिन्हे व काळ यांचा मेळ घातल्यावरच निर्णय करता येतो.

उदाहरणार्थ, चौथी मराठा रणगाडाविरोधी रेजिमेंट इटलीच्या मोहिमेत आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये टारांटो येथे उतरली आणि सांग्रो, कॅसिनो व सेनिओ येथील लढायांत सहभागी झाली. याच डिव्हिजनमधील मराठा पायदळाचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दाखविलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांची स्मृती महाराष्ट्रात टिकून आहे. तोफखान्यातील मराठा नाव मात्र मागे पडले. डिव्हिजनचे क्लोव्हरच्या पानांचे चिन्ह आणि ४६ हा अंक एकाच वाहनावर, त्या काळातील छायाचित्रात आढळल्यास, या विस्मृत रेजिमेंटचा माग लागू शकतो.

येथे आणखी एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. नोंदणी क्रमांक वाहनाचा असे. त्याच्या आरंभीचे अक्षर वाहनाचा प्रकार सांगे. लॉरीस 'एल', तोफ ओढणाऱ्या ट्रॅक्टरास 'एच'. डिव्हिजनचे व शाखेचे चिन्ह मात्र पथकाचे असे. वाहन दुसऱ्या पथकाकडे गेले की जुन्या चिन्हावर नवा रंग चढे. त्यामुळे एका पत्र्यावर रंगांचे अनेक थर साचतात, आणि प्रत्येक थर त्या वाहनाच्या सेवेतील एक टप्पा असतो. सगळा रंग खरवडून वरचेच चिन्ह ठळक रंगविणे म्हणजे हस्तलिखितातील मूळ अक्षरांवर नवी शाई फिरविणे होय. प्रथम तिरक्या प्रकाशात मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत, चिन्हांचे पारदर्शक कागदावर ठसे घ्यावेत, लहानशा जागेत थर क्रमाने उघडून पाहावेत, आणि जीर्ण असला तरी मूळ रंग तसाच राखावा. प्रदर्शनासाठी नवे चिन्ह हवेच असेल तर ते वेगळ्या फलकावर रंगवावे.

जुन्या खुणा त्या काळच्या व्यवस्थेनुसारच वाचाव्या लागतात. हा नियम माणसांच्या शोधासही लागू पडतो. राजुरा तालुक्याचे उदाहरण बोलके आहे. महायुद्धाच्या काळात हा तालुका निजामाच्या हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. वर्धा नदीपलीकडील बल्लारपूर मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. १९५६ मध्ये राजुरा मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत अनेक भारतीय सैनिकांच्या नावापुढे त्यांचे गाव व जिल्हा दिलेला आढळतो. इटलीतील सांग्रो येथील दहनस्मारकावरच पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे आहेत. अशा नोंदींत राजुऱ्याचा माणूस शोधणाऱ्याने केवळ चांदा जिल्हा पाहिला, तर त्याचा शोध चुकीच्या प्रांतात सुरू होतो.

पत्र्यावरील अंक असो वा नोंदीतील जिल्हा, तो ज्या व्यवस्थेत लिहिला गेला ती व्यवस्था आधी समजून घेतली पाहिजे. परंतु मूळ खूणच पुसली गेली, तर त्या ज्ञानाचा उपयोग करण्यास जागाच उरत नाही. म्हणून जतन हे संशोधनानंतरचे काम नसून संशोधनाची पहिली पायरी मानले पाहिजे.