फेरफार केलेल्या ट्रेलरची भारक्षमता (संयुक्त अरब अमिराती)

मोटारीमागे जोडायचा हलका ट्रेलर कारखान्यातून बाहेर पडल्यावर कापला, वाढवला किंवा ‘मजबूत’ केला असेल, तर त्यावर जास्तीत जास्त किती माल लादता येईल तो आकडा. आस, चाके, टायर, पाटे, चासी आणि मोटारीशी जोडणारा कपलर यांपैकी सर्वांत कमी वजन पेलणारा भाग आधी शोधायचा. त्याची मर्यादा तीच ट्रेलरच्या एकूण वजनाची मर्यादा. तिच्यातून ट्रेलरचे आजचे रिकामे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. यातला ‘आजचे’ हा शब्दच बहुतेकांच्या हिशेबातून गळतो.

अमिरातीत ट्रेलर लागतो तो मुख्यतः हौशी माणसाला. थंडीचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवारी लिवा, अल बदायर, अल कुद्राच्या वाळवंटाकडे क्वाड बाइक, पाण्याच्या टाक्या, जनित्र आणि सरपण लादलेले ट्रेलर निघतात. समुद्राकडे जेट स्कीचे. फेरफार होतात शारजाच्या औद्योगिक भागात, दुबईत अल कूझला किंवा अबूधाबीजवळ मुसफ्फाहला. वेल्डरला सांगायचे, ‘जरा मजबूत कर’, आणि तो मनापासून लोखंड वाढवतो.

पहिला घोळ एककांचा. अमेरिकी बनावटीच्या आसेवर ३,५०० असा आकडा असतो तो पौंडांचा. किलोत तो १,५८८ होतो. पाटीवर रंगाचे दोन हात बसले असले की आकडा तेवढा उठून दिसतो आणि एकक बुजते. मग देशभर सगळे किलोत मोजणारा मालक साडेतीन टन गृहीत धरून मोकळा होतो. आसेची पाटी सापडत नसेल तर नुसत्या जाडीवरून अंदाज बांधू नये. नळी बाहेरून तीच दिसते, आतला बेअरिंग वेगळा असू शकतो.

टायरचा आकडा त्या मानाने प्रामाणिक, कारण तो रबरातच उमटवलेला असतो. मापानंतरचा भारांक ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५, १०० म्हणजे ८००. त्यापुढचे अक्षर वेगाचे : जे असेल तर ताशी १०० किलोमीटर, एल असेल तर १२०. घुवैफातपासून रस अल खैमापर्यंत जाणाऱ्या ई११ महामार्गावर हे अक्षर सहज ओलांडले जाते. शिवाय हा भार ठरलेल्या हवेलाच लागू असतो. वाळूत शिरताना हवा कमी करतात ते ठीक, पण डांबरावर परतल्यावर मोटारीची चारही चाके भरून ट्रेलरची दोन विसरणे ही इथली नेहमीची चूक. मऊ टायर वळत-दबत तापतो, त्यात खाली तापलेला रस्ता. अमिरातीत पाच वर्षांहून जुने टायर वापरायला मनाई आहे. टायरवरच्या चार आकड्यांत त्याचा जन्म असतो (२३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा). ट्रेलरच्या बाबतीत हा नियम फार शहाणपणाचा आहे, कारण वर्षातले आठ-नऊ महिने उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरची नक्षी कोरीच राहते आणि बाजू मात्र चिरतात.

एक उदाहरण मांडू. आस १,५८८ किलोची, कपलर २,००० किलोचा, भारांक ९५ चे दोन टायर मिळून १,३८० किलो. पाटे आणि चासी त्याहून दणकट. मर्यादा ठरली १,३८०. मूळ रिकामे वजन ३२०, म्हणजे माल १,०६० किलो. आता २.४ गुणिले १.५ मीटरच्या फळ्यांच्या तळावर ३ मिलिमीटरचा पोलादी पत्रा ठोकला. असा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, तेव्हा ८५ किलो वाढले. कठड्यासाठी ५० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी २० मीटर लागली : मीटरला ४.४ प्रमाणे ८८ किलो. जादा चाक आणि हत्यारांची पेटी २७. रिकामे वजन ५२० झाले, माल उरला ८६०. मजबुतीने २०० किलो खाल्ले. जाड आस बसवूनही काही फरक पडला नसता, कारण टायर तेच होते. नवा कठडा ४० सेंटिमीटर उंच आहे म्हणून तो कोरड्या वाळूने काठोकाठ भरला तर सुमारे २,३०० किलो होतात. घनमीटरला १,६०० किलो धरले तर ८६० किलोंचा थर जेमतेम १५ सेंटिमीटरचा होतो, वीतभरही नाही.

जोडलेल्या ट्रेलरच्या दांड्याचा थोडा भार मोटार उचलते, म्हणून टायरांना तेवढी सूट द्यावी असा युक्तिवाद ऐकू येतो. कागदावर तो बरोबर आहे. तरीही सूट घेऊ नये. एका गतिरोधकावर ती खर्ची पडते.

तळ मागे वाढवणे हा सर्वांत धोक्याचा फेरफार. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही : मागे भार पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. ट्रेलरही तसाच उलाळ होतो, फरक एवढाच की ताशी शंभरच्या वेगात तो डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि मोटारीचे शेपूट हलवतो. म्हणून दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असा दंडक आहे. वरच्या उदाहरणात तो साधारण १४० ते २०० किलो येतो. तळ लांबवल्यावर आस त्या प्रमाणात मागे सरकवली नाही तर एकूण वजन मर्यादेत असूनही हा वाटा बिघडतो.

कायद्याचा भर जड वाहनांवर आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या संघीय कायद्याने त्यांच्या एकूण वजनाला ६५ टनांची कमाल मर्यादा घातली. हलक्या ट्रेलरवाल्याला त्यापेक्षा जवळचे कलम वेगळे : चासीत विनापरवाना बदल हा वाहतूक गुन्हा आहे, आणि तपासणीत प्रत्यक्ष ट्रेलर मुल्कियाशी (वाहनाच्या नोंदणीपत्राशी) ताडून पाहिला जातो. तेव्हा परवानगी आधी, वेल्डिंग मागाहून.

रिकामे वजन बेरजेने काढण्यापेक्षा काट्यावर घालणे बरे. महाराष्ट्रात उसाच्या ट्रॉलीचे वजन कारखान्याच्या फाटकावर आपोआप होते. इथे औद्योगिक भागातला काटा शोधून जावे लागते. ट्रकांचे काटे बहुधा २० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, म्हणून तितकी चूक पोटात धरावी. दांड्याचा भार घरच्या वजनकाट्यावरही निघतो. एक भक्कम फळी घ्यावी, तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर टेकवून काट्याचा आकडा टिपावा. मग भरलेला ट्रेलर सपाट जागी, चाकांना अडण लावून, विटेपासून एकतृतीयांश अंतरावर दांडा टेकेल असा उभा करावा. आकडा जितका वाढेल त्याची तिप्पट म्हणजे दांड्यावरचा भार.