हाताने रंगवलेली शुभेच्छापत्रे : परंपरा, कृती आणि सेवा

आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती घरांत गोठ्याची तयारी, कुसवार आणि पापनिवेदन यांबरोबर आणखी एक काम असे. ते म्हणजे आप्तेष्टांना शुभेच्छापत्रे पाठविण्याचे. भ्रमणध्वनीवरून एकाच वेळी शेकडो जणांना संदेश जाऊ लागल्यापासून ही प्रथा मागे पडली. संदेश वाढले, पण आपली आठवण कोणी मुद्दाम काढली आहे, हा अनुभव दुर्मीळ झाला. म्हणूनच स्वहस्ते रंगवलेल्या शुभेच्छापत्राची माहिती वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिले नाताळपत्र

संत पौल आपली पत्रे लेखनिकाकडून लिहवून घेत असे. तरीही गलतीकरांस पाठविलेल्या पत्राच्या अखेरीस आपण मोठ्या अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहीत असल्याचे तो आवर्जून सांगतो. हाताच्या अक्षराला असलेले मोल ख्रिस्तसभेला पहिल्या शतकापासून ठाऊक आहे.

छापील नाताळपत्राचा आरंभ मात्र १८४३ साली लंडनमध्ये झाला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली होती. त्या सुधारणेशी संबंधित असलेल्या हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र करून घेतले. त्याच्या सुमारे १,००० प्रती शिळाछापावर काढून हाताने रंगविल्या गेल्या. एका पत्राची किंमत एक शिलिंग होती. चित्राच्या मध्यभागी मेजवानीला बसलेले कुटुंब आहे. त्याच्या एका बाजूस भुकेल्यांना अन्न दिले जात आहे, तर दुसऱ्या बाजूस उघड्यांना वस्त्र. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील दयेची ही कृत्ये पहिल्याच नाताळपत्रावर होती, हे आपण विसरू नये. हिंदुस्थानात देशभर एकसमान टपालदर आणि तिकिटे १८५४ साली आली, आणि शुभेच्छापत्रांचा मार्ग येथेही मोकळा झाला.

आपल्या मातीतील चित्र

बाजारातील नाताळपत्रांवर बर्फ, सूचिपर्णी वृक्ष आणि घसरगाडी असते. कोकणात यांपैकी काहीच नाही. मग आपल्या मुलांनी काय रंगवावे? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही.

गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे या वाटेवरचे अग्रणी. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात ते शिकले. साडी नेसलेली पवित्र मारिया त्यांनी रंगविली, तेव्हा स्वकीयांकडूनच त्यांच्यावर टीका झाली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला आणि १९६७ साली निधन होईपर्यंत त्यांनी ख्रिस्ती विषय भारतीय रूपात चितारले. मुंबईच्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनीही याच दिशेने काम केले.

पेणजवळच्या रामवाडीपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात तर रंगकाम शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. पेण, हमरापूर आणि जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने सर्वश्रुत आहेत. तेथे मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीला सर्वांत जास्त मान असतो, कारण चेहऱ्यावर भाव त्या रेषेने येतो. चित्र काढणाऱ्या आपल्या मुलांनी शेजारच्या कारागिराकडून ही सावकाशी शिकावी. भाताची खळी, मिठागरे, कौलारू घराच्या पडवीतील बाळ येशू, होडीतून येणारे मागी राजे, हे विषय आपल्या डोळ्यांसमोरच आहेत.

वारली शैली अनेकांना आवडते. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने काढल्या जाणाऱ्या या चित्रांना जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी जगापुढे नेले. मात्र लग्नचौक हा वारली समाजाच्या श्रद्धेचा भाग आहे. तो केवळ शोभेसाठी उचलू नये.

साहित्य आणि कृती

१. कागद : २०० ग्रॅम किंवा त्याहून जाड, किंचित खरखरीत कागद घ्यावा. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद करण्याची परंपरा जपली. असा कागद जलरंगास उत्तम असतो.

२. माप : ए-चार आकाराचा कागद मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची एक घडी घालावी. १०५ × १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते आणि ते ११४ × १६२ मिलिमीटरच्या पाकिटात नीट बसते. एका कागदात दोन पत्रे होतात.

३. रेखाटन : पेन्सिलीची रेघ फिकट असावी. बारीक रेषांसाठी पाण्याने न फुटणारी शाई वापरावी.

४. रंग : जलरंगात फिकट रंग आधी आणि गडद रंग नंतर द्यावा. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. पांढऱ्या रंगाऐवजी कागदाचा पांढरेपणाच मोकळा सोडावा. डोळे अगदी शेवटी काढावेत.

५. वाळवणे : पत्र सावलीत सुकवून जड पुस्तकाखाली रात्रभर ठेवावे, म्हणजे कागद वाकत नाही.

६. मजकूर : आत छापील ओळ नको. ज्याला पत्र जाणार त्याचे नाव, त्याच्यासंबंधी एक खरी आठवण आणि प्रार्थनेचे आश्वासन पुरे. आश्वासन दिले तर प्रार्थना अवश्य करावी.

कोणाला पाठवावे?

ज्यांच्याकडून उत्तर येणार आहे त्यांना आपण नेहमीच पाठवितो. यादीत आरंभी मात्र वेगळी नावे असावीत : अंथरुणाला खिळलेले वृद्ध, वर्षभरात घरातील माणूस गमावलेले कुटुंब, आखातात किंवा जहाजावर असलेले भाऊ, अबोला धरलेले नातेवाईक. रामवाडीसारख्या ठिकाणी ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली असतात. तेथे दिवाळीचा फराळ देणाऱ्या हिंदू शेजारणीच्या घरी कुसवाराच्या ताटाबरोबर मुलाने रंगवलेले पत्र गेले, तर सण कशाचा आहे हे वेगळे समजवावे लागत नाही.

विक्री आणि विश्वास

शुभेच्छापत्रांतून मोठी कार्ये उभी राहिली आहेत. १९४९ साली चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने युद्धोत्तर मदतीबद्दल आभार म्हणून काढलेले चित्र युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र ठरले. तिला कागद मिळाला नव्हता, म्हणून तिने काचेवर रंगविले होते. मुंबईत रिप्पन कपूर यांनी १९७९ साली स्थापन केलेल्या 'क्राय' संस्थेनेही शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून वंचित बालकांसाठी निधी उभारला. एरिक स्टेगमन यांनी १९५६ साली स्थापलेली मुखाने व पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची संघटना तर दयेची याचना करीत नाही. आपल्या कामाचा मोबदला मिळावा, एवढेच ती मागते.

धर्मग्रामातील महिला मंडळ किंवा युवक गट पत्रे विकणार असतील, तर हाच धडा घ्यावा. साहित्याचा खर्च आणि रंगविणाऱ्या गरजू भगिनींची मजुरी प्रथम द्यावी, उरलेली रक्कम सेवाकार्यास लावावी आणि हिशेब चर्चच्या फलकावर लावावा. गरिबांच्या नावाने विकलेल्या पत्राची मजुरी गरिबालाच मिळाली नाही, तर त्यावरील गोठ्याचे चित्र कितीही सुंदर असले तरी खोटे ठरते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या पुनरुत्थान सणाच्या दिवशी कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले होते. प्रत्येक घरात कलावंत नसतो, पण अर्धा तास एका माणसासाठी राखून ठेवणे सर्वांना जमते. येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने निदान एक पत्र रंगवावे आणि ते ज्याच्याकडे कोणी जात नाही त्याच्या हाती स्वतः नेऊन द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.