ट्राउट, तळे आणि एक राखणदार

आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ‘द कम्प्लीट अँगलर’मध्ये ठरावीक जागी आधीपासून चारा टाकून मासे जमवण्याची युक्ती येते, पण ती कार्प, ब्रीम अशा संथ पाण्यातल्या माशांसाठी. ट्राउटची गोष्ट निराळी. त्याला थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंश सेल्सियसच्या वर तापू लागले की तो कासावीस होतो. वाहत्या ओढ्यात अन्न त्याच्यापर्यंत आपसूक येते. तळ्यात मात्र त्याला ते हिंडून शोधावे लागते. म्हणून मालकाला आपल्या आवडत्या काठाशी ट्राउट हवा असेल, तर त्या काठाशी झरा, सावली, दगडगोटे आणि मुख्य म्हणजे किडे असावे लागतात.

सॉमरसेटमधल्या ब्लॅगडनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ब्रिस्टलच्या पाणीपुरवठा कंपनीने यो नदी अडवून हा तलाव केला आणि १९०४ साली तो गळाच्या मासेमारीसाठी खुला केला. तिथले ट्राउट आकाराने इतके मोठे निघाले की नाव सर्वदूर झाले. श्रेय बुडालेल्या कुरणांचे होते. गवत, कुंपणाची झुडपे, जमिनीतली गांडुळे असे सारे एकदम पाण्याखाली गेले आणि माशांना मेजवानी मिळाली. अशी मेजवानी नव्या जलाशयात काही वर्षेच टिकते. बुडालेल्या शेतांचे धनी या कथेत क्वचितच दिसतात, हेही नोंदवावेसे वाटते.

आम्हांला अधिक मोलाची वाटते ती हॅम्पशायरमधली, नदीकाठची हकीकत. टेस्ट नदीवर स्टॉकब्रिजला १८२२ साली स्थापन झालेला हॉटन क्लब ही धनिकांची खाजगी मिरास. विल्यम लन हा तिथे १८८७ साली राखणदार म्हणून आला. इंग्लिश कायद्यात वाहत्या पाण्यातला मासा पकडला जाईपर्यंत कुणाचाच नसतो. मालकी असते ती मासे पकडण्याच्या हक्काची. तेव्हा मासा आपल्या हद्दीत रमेल कसा, हाच राखणदाराचा रोजचा प्रश्न.

लनने उत्तर माशांत शोधले नाही, माश्यांत शोधले (आपल्या भाषेत हे दोन शब्द किती जवळ आहेत!). ट्राउट ज्या नाजूक पंखांच्या किड्यांवर जगतो, त्यांतल्या काही जातींच्या माद्या खांबांवरून पाण्याखाली उतरून अंडी घालतात आणि कॅडिसच्या अळ्या ती फस्त करतात, हे त्याने न्याहाळले. मग त्याने साध्या लाकडी फळ्या पुलाला तारेने बांधून पाण्यावर तरंगत सोडल्या. माद्या त्यांच्या खालच्या बाजूला अंडी घालू लागल्या. तळावरून सरपटणाऱ्या अळ्यांना तरंगत्या फळीपर्यंत पोहोचता येईना. अंड्यांनी भरलेल्या फळ्या पुढे किडे विरळ असलेल्या पट्ट्यांत नेऊन सोडता येत.

या कामाला प्रयोगशाळा लागली नाही; वर्षानुवर्षे काठावर ओणवे राहणे लागले. ज्यांच्या करमणुकीसाठी हे झाले, त्यांनी दाम मोजले. पाणी वाचले ते त्यांच्या चाकराने. जॉन वॉलर हिल्स या राजकारणी लेखकाने १९३४ साली ‘रिव्हर कीपर’ हे लनचे चरित्र लिहिले, म्हणून निदान एवढे तरी आपल्या हाती आले. पुढे लनचा मुलगा आणि मग नातू त्याच पाण्याचे राखणदार झाले. ‘लन्स पर्टिक्युलर’ नावाची त्याची बनावट माशी आजही गळाला बांधली जाते.