बाणाच्या पिसांचा इतिहास

स्मरणिकेसाठी 'काही इतिहासविषयक लिहून द्यावे' असा मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा एखादी लढाई अथवा एखादा किल्ला यांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले होते. छत्तीस वर्षे वर्गात तेच शिकविले. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नातवाच्या हट्टापायी घरी तीन बाण तयार करण्याचा प्रसंग आला. त्या निमित्ताने जे वाचले व हातांनी जे अनुभविले, तेच ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत एक शरकार, म्हणजे बाण करणारा कारागीर आहे. राजा वाजतगाजत शेजारून गेला, तरी बाण सरळ करण्यात गुंतलेल्या शरकारास त्याची वार्ताही नव्हती. नाथमहाराजांनी एकनाथी भागवत काशीस शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पूर्ण केले, तेव्हापासून हा दृष्टान्त मराठी घरांत घरचाच झाला आहे. धम्मपदातही बाण सरळ करणारा कारागीर येतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात बाणांसाठी वेळू, शर इत्यादी द्रव्ये नोंदविली आहेत. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण सोडू पाहणाऱ्या दिलीपाची बोटे बाणाच्या पुंखालाच चिकटून राहतात. पुंख म्हणजे बाणाचा मागचा, पिसांचा भाग. फारसी वळणाचा 'तीरगर' हा शब्दही आपल्याकडे रूढ होता, आणि गुजरातेत व राजस्थानात त्या नावाची ज्ञातीच आहे. मात्र ज्याला अवधूताने गुरू केले, त्या शरकाराचे नाव भागवतात नाही. राजाचेही नाही, एवढेच समाधान!

ग्रंथांतील शरकार असे. प्रत्यक्ष शरकाराचे काम पाहावयाचे, तर फार दूर जावे लागते. दिनांक १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात ३,२१० मीटर उंचीवर, बर्फातून एका मनुष्याचे प्रेत वर आलेले दोघा प्रवाशांस दिसले. कोणी अपघातात सापडलेला गिर्यारोहक असावा असा प्रथम समज झाला; पुढे तपासाअंती तो मनुष्य सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ठरला. त्यास ओत्झी असे नाव पडले. त्याच्याजवळ कातड्याचा भाता होता व त्यात चौदा बाण होते. पैकी दोनच पुरे झालेले, आणि तेही मोडलेले. उरलेल्या बारा नुसत्या काड्या होत्या. त्यांना पिसे नाहीत, अग्रे नाहीत. सुमारे सहा फुटांचे धनुष्य होते, तेही अर्धवट तासलेले. त्या दोन बाणांना प्रत्येकी तीन पिसे भूर्जवृक्षाच्या सालीच्या डांबराने चिकटविली होती आणि वरून वनस्पतीच्या तंतूंचा बारीक दोरा मळसूत्रासारखा गुंडाळला होता. पुढे २००१ साली क्ष-किरणांनी तपासणी केली असता त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र रुतलेले आढळले. बारा बाण अपुरे असता दुसऱ्या कोणाच्या पुऱ्या बाणाने त्याचा घात केला. कितीही वेळा वाचले, तरी माझे मन त्या बारा काड्यांपाशीच थांबते.

पिसे हवीत कशाला, असा प्रश्न नातवाने विचारला व मला तत्काळ उत्तर देता आले नाही. धनुष्यातून सुटलेला बाण दिसतो तसा सरळ जात नाही. प्रत्यंचेचा धक्का बसताच त्याची काडी वाकते व मासोळीसारखी वळवळत पुढे जाते. मागे पिसे असली म्हणजे हवेचा अडसर शेपटाकडे पडतो. शेपूट मागे राहते, टोक पुढे राहते. तीन पिसांपैकी एक प्रत्यंचेच्या खाचेशी काटकोनात बाहेरच्या बाजूस ठेवावे लागते, म्हणजे सुटताना ते धनुष्यास घासत नाही.

आम्ही बोरूच्या जातीच्या काड्या आणल्या, निखाऱ्यांवर शेकून सरळ केल्या, आणि शेजारच्या खुराड्यातून कोंबड्याच्या पंखांची गळलेली पिसे जमविली. पहिल्या बाणास दोन पिसे उजव्या पंखाची व एक डाव्याची लागली. पिसाला जात्याच एक वळण असते आणि डाव्या-उजव्या पंखांचे वळण परस्परविरुद्ध असते, हे आम्हांस कोठे ठाऊक! तो बाण विहिरीकडे निघाला व गोठ्यावर पडला. दुसऱ्यास एकाच बाजूची पिसे लावली, पण डिंकाने. पावसाळी हवेचा एकच दिवस लागला आणि पिसे गळाली. तिसऱ्याच्या वेळी मात्र ओत्झीचा पाठ गिरविला. पिसे किंचित तिरपी लावून त्यांवर शिवणाचा दोरा, पिसाच्या केसरांमधून वाट काढीत, टोकापासून टोकापर्यंत गुंडाळला. या एका कामास संपूर्ण दुपार गेली. सूनबाईंनी चहासाठी तीनदा हाक मारली म्हणे; मला एकही ऐकू आली नाही.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी हाच शरकाराचा दृष्टान्त सांगत होतो. मागच्या बाकावर सुताराघरचा एक मुलगा खाली मान घालून चाकूने काडी तासत होता. दोनदा हाक मारली, त्याचे लक्ष नव्हते. मी ती काडी मोडून खिडकीबाहेर फेकली, चाकू काढून घेतला व तास संपेपर्यंत त्यास बाकावर उभे केले; आणि पुढे एकाग्रतेचे महत्त्व सांगू लागलो! पुढील वर्षी तो शाळेत आला नाही. त्याची कारणे निराळीही असतील. परंतु दोरा गुंडाळून झाल्यावर प्रथम त्याचीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहिली.

इंग्लंडात हाच व्यवसाय राज्याच्या चिंतेचा विषय झाला होता. फ्रान्सवरील मोहिमांसाठी बाण इतके लागत, की पाचव्या हेन्रीने १४१७ च्या सुमारास प्रत्येक पाळीव हंसाच्या पंखांतून सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम आपल्या अंमलदारांस दिला. पुढे रॉजर ॲश्चम या विद्वानाने १५४५ साली धनुर्विद्येवर 'टॉक्सोफिलस' हा संवादग्रंथ लिहिला व त्यात हंसाच्या पिसाची तोंड भरून स्तुती केली. त्याच वर्षी, १९ जुलैस, 'मेरी रोझ' ही इंग्रज युद्धनौका पोर्ट्समथजवळ बुडाली. १९८२ साली ती वर काढण्यात आली. तिच्या अवशेषांत साडेतीन हजारांवर बाण मिळाले. पिसे पाण्यात कुजून गेली होती, परंतु दोऱ्याच्या वेढ्यांच्या खुणा काड्यांवर तशाच होत्या. म्हणजे ओत्झीचा वेढा, आमच्या सूनबाईंच्या शिवणाच्या दोऱ्याचा वेढा आणि हा वेढा, तिन्ही एकच!

लंडनमध्ये पिसे लावणाऱ्यांस 'फ्लेचर' म्हणत. बाणास फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. धनुष्ये करणारे व बाण करणारे यांनी एकमेकांच्या धंद्यात पडू नये, असा अर्ज त्यांनी १३७१ साली नगराच्या मेयरकडे केला आणि दोन संघ वेगळे झाले. त्या संघांत पित्याच्या नात्याने प्रवेश मिळे, तसाच कोणा गुरूपाशी उमेदवारी करूनही मिळे. ही दुसरी वाट आपल्याकडे फारशी मोकळी राहिली नाही, हे खेदाने लिहावे लागते. बंदूक आली व बाणांचा धंदा बुडाला. संघ मात्र आजही आहे. सभासद एकत्र जमतात, दानधर्म करतात, धनुर्विद्येच्या खेळास साह्य करतात. चरितार्थासाठी बाण करण्याची त्यांस गरज उरलेली नाही. 'फ्लेचर' हे आडनाव धारण करणाऱ्या बहुतेकांनी हातात पीसही धरले नसेल. आपल्याकडेही वडिलोपार्जित हत्यारे माळ्यावर असलेली घरे किती, व ती चालविता येणारे हात किती, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या घरी करावा.

यंदाच्या स्नेहसंमेलनास मी ते तिन्ही बाण घेऊन येणार आहे. बिघडलेले दोन्हीही आणीन, कारण शिकण्यासारखे त्यांतच अधिक आहे. बाणांस अग्रे बसविलेली नाहीत, तेव्हा मातांनी काळजी करू नये. काड्या व एकाच बाजूची पिसे वेगळी बांधून ठेवली आहेत. ज्या मुलामुलींस करून पाहावयाचे असेल, त्यांनी भोजनानंतर मागच्या ओसरीवर यावे. चाकू मी आणीन.