पॅटर्नचं पितृकुळ

जून लागला की लातूरच्या ट्युशन एरियात नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आलेले बाप खोली आणि खानावळ शोधत फिरताना दिसतात. लेकराला ‘लातूर पॅटर्न’ला घालायचं असतं. ज्या शब्दाच्या भरवशावर ते एवढ्या लांब येतात, त्याच्या मुळाशीही बापच आहे.

लॅटिनमध्ये ‘पातेर’ म्हणजे बाप. आपल्या ‘पितृ’चा भाऊबंद. त्यावरून ‘पात्रोनुस’, म्हणजे पाठीराखा, आश्रयदाता. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत शिरला. थोराचा कित्ता धाकट्यांनी गिरवायचा, म्हणून आश्रयदात्याच्याच शब्दाला ‘नमुना’ हाही अर्थ चिकटला. सोळाव्या शतकात बोलताना ‘र’ची जागा हलली, ‘पॅटर्न’ हे रूप दिसू लागलं आणि 1700च्या सुमारास वाटणी पुरी झाली: आश्रयदाता ‘पेट्रन’कडे, नमुना ‘पॅटर्न’कडे. फ्रेंचांनी वाटणी केलीच नाही. तिथे मालकही ‘पात्रों’ आणि शिंप्याचा कागदी फर्माही ‘पात्रों’. आयर्लंडमध्ये तर गावच्या रक्षक संताच्या जत्रेला ‘पॅटर्न’ म्हणतात.

मराठीत ब्लाउजच्या गळ्याचा पॅटर्न असतो, ओतकामाचा असतो, प्रश्नपत्रिकेचाही असतो. पण त्याला गावाचं नाव लावून घरोघर पोचवलं ते लातूरनं. 1970 साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सराव परीक्षा, प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून घेणं अशी शिस्त बसवली. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली. वाघमारे पुढे 1994 मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. महाविद्यालयाला नाव आहे ते शाहू महाराजांचं. 1901 पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करणारा हा राजा म्हणजे जुन्या अर्थाचा आश्रयदाता. शब्दाचे विभक्त झालेले दोन भाऊ लातूरच्या त्या एका पाटीखाली पुन्हा भेटले, ही गोष्ट मनाला फार भावते.

पुढे गावाच्या नावाला ‘पॅटर्न’ जोडायची रीतच पडली. धुळे जिल्ह्यात नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवलं, तो ‘शिरपूर पॅटर्न’. आणि 2018 साली आला ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट. पुण्याजवळच्या जमिनी विकल्या गेल्या आणि शेतकऱ्यांची पोरं गुन्हेगारीकडे वळली, ही त्याची कथा. इथल्या पॅटर्नमध्ये गिरवावं असं काहीच नव्हतं. गावोगाव तेच घडत होतं, एवढंच तो शब्द सांगत होता.