सेकंडहँड स्पोर्ट्स कारचा क्लच: झीज कशी ओळखायची आणि पैसे कधी खर्च करायचे

सेकंडहँड गाडी बघायला गेलो की आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, रंगावरून बोट फिरवतो. क्लचकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, कारण तो दिसतच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तो बंद असतो आणि डोळ्यांनी बघायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. त्यामुळे क्लचची परीक्षा बाहेरूनच, लक्षणांवरून करावी लागते. ही लक्षणं वाचताना मी दोनदा चुकलो. पहिली चूक स्वस्तात निभावली, दुसरी महागात पडली. त्या दोन चुकांच्या आधारानेच आज हा विषय समजून घेऊ.

मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. इथे गाड्यांचा उद्योग मोठा आहे, त्यामुळे पुण्याकडची बरीच मंडळी भेटतात. इथे जुन्या स्पोर्ट्स कार आपल्याकडच्या मानाने खूपच स्वस्तात मिळतात. मी घेतली ती २००१ सालची माझदा एमएक्स-५. दोन सीट, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. हे मॉडेल १९८९ मध्ये पहिल्यांदा आलं, माझी गाडी दुसऱ्या पिढीची. १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, मीटरवर ९२,००० मैल, म्हणजे साधारण १,४८,००० किलोमीटर. माझ्याआधी तीन मालक होऊन गेलेले.

क्लच नेमका काय करतो?

दोन्ही तळहात एकमेकांवर दाबा आणि एक हात फिरवा. दाब जास्त असेल तर दुसरा हातही सोबत फिरतो. दाब कमी केलात तर हात घसरतात आणि गरम होतात. क्लच हेच करतो.

इंजिनला जोडलेली जड लोखंडी चकती म्हणजे फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते ती क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेटने बसवलेलं असतं. या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट, तिच्यात एक मोठी स्प्रिंग असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पाकळ्या ढकलतं, दाब सुटतो आणि क्लच प्लेट मोकळी होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. क्लच पकडून ठेवण्याचं काम स्प्रिंग करते. तो सोडवण्याचं काम तुमचा पाय करतो, आणि पायाचा जोर बेअरिंगपर्यंत नेते ती केबल किंवा ऑइलची लाइन. ही दोन वेगवेगळी कामं आहेत, म्हणून बिघाडही दोन वेगवेगळे होतात.

एकच पेडल, दोन उलटे आजार

पहिला आजार म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. याला ड्रॅग म्हणतात. गिअर जड पडतो, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, पेडल पूर्ण दाबूनही गाडी किंचित पुढे सरकते.

दुसरा आजार म्हणजे क्लच पूर्ण पकडत नाही. आपले मेकॅनिक म्हणतात तसं, क्लच स्लिप मारतो. गिअर मस्त पडतात, पण ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर जातो आणि वेग तिथेच राहतो.

ड्रॅगचं कारण बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं आणि स्वस्तात सुटतं. स्लिपचं कारण जवळजवळ नेहमी आत असतं. "क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढंच बोलून गॅरेजमध्ये गाडी सोडली, तर या दोन्हींना एकच बिल लागण्याची शक्यता असते.

माझी पहिली चूक: ड्रॅगला झीज समजलो

गाडी घेऊन महिना झाला आणि सकाळी रिव्हर्स टाकताना आवाज यायला लागला. पेडल अगदी तळाशी गेल्यावर क्लच सुटायचा. एका गॅरेजने दोन मिनिटं गाडी चालवून सांगितलं, क्लच गेला, ५०० पौंड लागतील. मी तारीख घेऊनही टाकली होती.

ऑफिसातले कोल्हापूरचे एक दादा गिअरबॉक्सच्या टेस्टिंगमध्ये काम करतात. जेवताना विषय निघाला, तर ते म्हणाले, "अरे, आधी झाकण उघडून ऑइल तर बघ! आणि पेडल दोनदा पंप करून रिव्हर्स टाक. पडला ना गपकन, तर क्लचला हात लावू नकोस."

पडला. गपकन पडला.

कारण असं. माझ्या गाडीत क्लचची लाइन हायड्रॉलिक आहे. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरून बोल्टने बसवलेला स्लेव्ह सिलिंडर, आणि मधे ब्रेक ऑइल. आतले रबरी सील वय झालं की कोणत्याही गाडीत कडक होतात. मग ऑइल झिरपतं, हवा आत शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पाय पूर्ण खाली गेला तरी बेअरिंगपर्यंत जोर पूर्ण पोचत नाही. दोनदा पंप केलं की तात्पुरता दाब तयार होतो आणि गिअर नीट पडतो.

स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट मागे सरकवल्यावर आतून काळं ऑइल टपकलं. नवीन सिलिंडर २५ पौंडांचा. तो बसवला, लाइनमधली हवा काढली आणि गिअर लोण्यासारखे पडायला लागले. एक सूचना: एक सील गेलं असेल तर दुसरंही त्याच वयाचं असतं. मास्टर सिलिंडरही तपासून घ्या. आणि टाकीत फक्त झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ब्रेक ऑइलच घाला. इंजिन ऑइल घातलंत तर रबरी सील फुगून खराब होतात.

माझी दुसरी चूक: झिजेला ऑइलचा दोष समजलो

माझे ४७५ पौंड वाचले आणि मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागलो. चार महिन्यांनी चढावर इंजिन जरा जास्त ओरडतंय असं वाटलं. मी मनाशी म्हटलं, परत ऑइलच असणार. टाकी बघितली, भरलेली होती. तरी पुन्हा हवा काढली आणि गाडी तशीच चालवत राहिलो. तीन आठवडे.

मग एका रविवारी, दोन पदरी रस्त्यावर, पुढे ट्रक. बायको शेजारी. वेग ताशी ५० मैल, चौथा गिअर, काटा ३,००० वर. समोरचा रस्ता मोकळा बघून मी ओव्हरटेकला बाहेर काढली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काटा झपकन ४,००० वर गेला. गाडी तिथेच. समोरून गाडी येताना दिसली, मी पाय काढला, ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आलो. बायको घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आधी हिचं काम कर. तोवर मी बसणार नाही."

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेटचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं होतं. फ्लायव्हीलवर उष्णतेने निळे डाग आणि बारीक तडे पडले होते. चढावर पहिल्यांदा शंका आली तेव्हाच थांबलो असतो, तर फ्लायव्हील बहुतेक वाचलं असतं. ते नवीन घ्यावं लागलं, १५० पौंड जास्त गेले. क्लच किट १४०, मजुरी ३५०.

म्हणून लक्षात ठेवा: स्लिप होणारा क्लच "चालतोय तोवर चालवू" म्हणण्यासारखा नसतो. घसरण्याने उष्णता, उष्णतेने आणखी घसरण, असं ते चक्र वेगाने वाढतं.

स्पोर्ट्स कारचा क्लच लवकर का झिजतो?

थोडं गणित करू. ड्रायव्हर धरून गाडीचं वजन १,१०० किलो. उभ्या गाडीत इंजिन १,५०० आरपीएमवर धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला, तर तो पूर्ण पकडेपर्यंत माझी गाडी ताशी साधारण १२ किलोमीटरवर येते. जेवढी गतिज ऊर्जा गाडीला मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. इथे ती सुमारे ६ किलोज्यूल.

आता हेच ३,००० आरपीएमवर करा. उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. सुमारे २५ किलोज्यूल. एक कटिंग चहाएवढं पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते, आणि ती दोन-तीन सेकंदांत त्या पातळ अस्तरात जाते. आधीच्या मालकाला सिग्नलवरून गाडी उडवायची हौस असेल, तर मीटरवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. हायवेवर दीड लाख किलोमीटर टिकणारा क्लच शहरात आणि ट्रॅकवर त्याच्या निम्म्यातही संपू शकतो.

दुसरं कारण म्हणजे वाढवलेली ताकद. टर्बो गाडीचं इंजिन रीमॅप करून टॉर्क वाढवला जातो, क्लच मात्र मूळचाच राहतो. मग अस्तर शिल्लक असतानाही तो स्लिप मारतो. तेव्हा विक्रेत्याला रीमॅपबद्दल स्पष्ट विचारा.

गाडी घेण्यापूर्वी करायच्या पाच तपासण्या

१. पेडल: क्लच कुठे पकडतो ते बघा. केबलच्या गाडीत तो खूप वर पकडत असेल तर झिजेची शंका घ्या. हायड्रॉलिक गाडीत मात्र झीज बऱ्याच अंशी आपोआप भरून निघते, त्यामुळे पेडल नॉर्मल लागलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तळाशी पकडत असेल तर ऑइल आणि सिलिंडर तपासा.

२. रिव्हर्स: इंजिन चालू, पेडल पूर्ण खाली, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला तर पंप करून पुन्हा टाका. फरक पडला तर दोष बहुधा ऑइलच्या लाइनमध्ये.

३. चढ: मोकळ्या चढावर, वेगमर्यादेत, वरच्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग हातात हात घालून वाढले पाहिजेत. इंजिन गरम झाल्यावरच ही तपासणी करा, थंड क्लच खोटं बोलतो. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही पद्धत प्रसिद्ध आहे, पण तिच्यावर विसंबू नका. अर्धवट गेलेला क्लच त्यात सहज पास होतो. माझाही झाला होता.

४. आवाज: पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. उलट, न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायला हवं. तो खर्च मोठा असतो.

५. थरथर: गाडी उठताना थडथड करत असेल तर प्लेटवर तेल उतरलं असेल किंवा फ्लायव्हील खराब झालं असेल.

गिअरबॉक्स उतरवलाच तर काय बदलायचं?

या कामात खरा खर्च मजुरीचा असतो. माझ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब ॲल्युमिनियमची फ्रेम असते. ती आणि प्रोपेलर शाफ्ट आधी काढावे लागतात. म्हणून फक्त प्लेट बदलून पैसे वाचवू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. फ्लायव्हीलच्या मधलं छोटं पायलट बेअरिंग आणि इंजिनचं मागचं ऑइल सीलही तपासून घ्या. साधं एकसंध फ्लायव्हील डाग किरकोळ असतील तर घासून घेता येतं. बऱ्याच नवीन, ताकदवान गाड्यांमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं, ते महाग असतं आणि बहुतेकदा बदलावंच लागतं. भाव ठरवताना हे आधी विचारा. आणि काढलेले जुने भाग मागून घ्या, तेच तुमचा पुरावा.

नवीन क्लच टिकवण्यासाठी

पहिले ८०० किलोमीटर सौम्य चालवा, म्हणजे अस्तर नीट बसतं. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका, त्यासाठी हँडब्रेक आहे. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल शोषतं.

गेल्या दिवाळीत पुण्याला आलो तेव्हा मावसभावासोबत एक जुनी हॅचबॅक बघायला गेलो. विक्रेता म्हणाला, चला, सोसायटीतच एक राउंड मारू. मी म्हटलं, नको, कात्रजच्या घाटात जाऊ. पहिल्याच मोठ्या चढावर काटा वर गेला आणि गाडी जागीच राहिली. भावाने गाडी सोडली नाही, किटचे आणि मजुरीचे पैसे किमतीतून कमी करून घेतली. क्लच झिजणारच, तो झिजण्यासाठीच बनवलेला असतो. फक्त त्याची किंमत व्यवहाराच्या आधी कळली पाहिजे, नंतर नाही.