रिमोटमधले आठ सेल

मंडळी, या वीकेंडला जरा सेलचा इतिहास. रोबोटवाल्यांच्या गप्पा नेहमी मोटर, गिअरबॉक्स आणि रोबोटच्या पोटातल्या बॅटरीवर. हातातल्या रिमोटमध्ये काय घातलंय हे कोणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे.

लांब अँटेनावाले जुने एफएम रिमोट आठवा. त्यात पेन्सिल सेल लागायचे आठ. अल्कलाइन घातले की आठ गुणिले १.५, झाले १२ व्होल्ट. चार्जिंगचे घातले तर आठ गुणिले १.२, म्हणजे ९.६. आणि रिमोट दोन्हीवर चालायचा, कारण आतलं सर्किट मुळात त्याहून कमी व्होल्टेजवर चालतं.

हे १.२ आलं कुठून? स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम सेल केला, आणि व्होल्टेज त्या रसायनानेच ठरवलं. त्याच सुमारास तिकडे एडिसन निकेल आणि लोखंडाच्या मागे होता. पेटंटवरून दोघांची जुंपली. एडिसनची पैशाची बाजू भक्कम, त्यामुळे युंगनरचं काय झालं असेल ते सांगायला नको!

पण त्याचा सेल उघडा होता. चार्ज करताना वायू निघायचा, वरून पाणी घालत बसायचं. असली वस्तू हातात कोण धरणार? १९४७ मध्ये फ्रान्समध्ये न्यूमानने वायू आतल्या आत जिरवणारा बंद सेल जमवला, तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला.

आता थेट १९९४. सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्पने रोबोट वॉर्स भरवलं, १९९८ पासून बीबीसीने ते घरोघरी नेलं. पुढे शंभर किलोपर्यंतची धुडं, त्यावर गरगरणारी पाती.. आणि रिमोटचे सेल मध्येच मेले तर? म्हणूनच अशा स्पर्धांत नियम असतो की सिग्नल गेला की रोबोट आपोआप थांबलाच पाहिजे.

गंमत अशी की अल्कलाइन सेल हळूहळू उतरतो. चार्जिंगचा सेल मात्र शेवटपर्यंत १.२ च्या आसपास ठाम, आणि मग एकदम कोसळतो. समजा रिमोटचा अलार्म साडेआठ व्होल्टला वाजला, म्हणजे दर सेलला साधारण १.०६. अल्कलाइनमध्ये तेव्हाही थोडी धुगधुगी असते. चार्जिंगवाल्यात जवळपास काहीच नाही. अलार्म एकच, अर्थ दोन! माझ्या मते हा सेलचा दोष नाही, अलार्मचा आकडा ठरवणाऱ्याचा आहे.

१९८९ च्या सुमारास निकेल-मेटल हायड्राइड बाजारात आले. क्षमता जास्त, कॅडमियमचं विष नाही (युरोपने २००६ च्या निर्देशाने कॅडमियमवर बंधन घातलंच). पण हे पठ्ठे नुसते पडून पडूनही उतरायचे. महिनाभर कपाटात ठेवलेला रिमोट स्पर्धेच्या दिवशी अर्धमेला. हे दुखणं २००५ मध्ये सान्योच्या एनेलूपने बरंचसं घालवलं. ते तर चार्ज करूनच विकायला ठेवले होते.

त्याच वर्षी स्पेक्ट्रमचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आला आणि लांब अँटेना हळूहळू गेली. नंतरच्या बऱ्याच रिमोटमध्ये अलार्मचा आकडा आपल्याला बदलता येतो. हायड्राइडचे सेल वापरत असाल तर दर सेलला १.१५ धरा, म्हणजे आठ सेलला ९.२. वाजला की रोबोट कडेला घ्यायला थोडा वेळ हातात राहतो.